सॅम्पल गावाच्या विहिरीचं, रिपोर्ट विद्यापीठाच्या कपाटात

महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या एन्व्हायर्नमेंटल सायन्स, केमिस्ट्री नाहीतर जिऑलॉजी डिपार्टमेंटमध्ये जा आणि जुन्या एमएस्सी डिझर्टेशनचा गठ्ठा मागा. अमुक तालुक्यातल्या भूजलाचा अभ्यास, तमुक नदीच्या पाण्याचा अभ्यास अशा नावाची चार-पाच तरी निघणारच, कारण विषय सोपा असतो, गाव ओळखीचं असतं, आणि बाटल्या भरून आणायला फार खर्च येत नाही. आत टेबल असतं. त्यात एस-१, एस-२, एस-३ असे कोड, आणि हे कोड म्हणजे कोणाच्या तरी मळ्यातली विहीर, शाळेमागचा हापसा, ग्रामपंचायतीची बोअर. पुढे पीएच, टीडीएस, हार्डनेस, क्लोराईड, नायट्रेट, फ्लोराईड. मध्येच एखाद्या ओळीत नायट्रेट ८०-९० च्या घरात असतं (आपल्या आयएस १०५०० मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम), आणि शेवटच्या पानावर एक वाक्य, की काही नमुने पिण्यास अयोग्य आढळले. व्हायवा होतो, एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, चहा पिऊन जातात, मार्क लागतात. आणि त्या हापशावर दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखीच रांग.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे चालू देता कामा नये. ज्याच्या विहिरीचं, नळाचं, हापशाचं पाणी तपासलं त्याला निकाल कळवणं हे विद्यापीठाच्या लॅबवर बंधनकारक असलं पाहिजे, मेहेरबानी म्हणून नाही, नियम म्हणून. पेपर छापून यायची वाट न बघता, आणि त्याला कळेल अशा मराठीत. रक्त काढून घेऊन रिपोर्ट स्वतःच्याच कपाटात ठेवणारी पॅथॉलॉजी लॅब आपण एक दिवस चालू दिली असती का? पाण्याच्या बाबतीत मात्र कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

मी स्वतः काही वर्षं अशा लॅबमध्ये बाटल्या धुतल्यात, बुरेट धरलीय, त्यामुळे हे सगळं बाहेरून टीका म्हणून नाही लिहीत. लॅबमधली पोरं मनापासून काम करतात हो. पाण्याचा हार्डनेस मोजायच्या ईडीटीएच्या टायट्रेशनला वाईन-रेडचा निळा नेमका कुठल्या थेंबाला झाला यावर भांडणारी पोरं मी बघितलीत. नायट्रेटला स्पेक्ट्रोवर (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं मशीन) २२० नॅनोमीटरला रीडिंग घेऊन परत २७५ ला घ्यायचं, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचा हिशोब वजा करता येतो, हे नीट पाळणारे असतात. प्रॉब्लेम रीडिंगच्या आधीही फारसा नाही, तो रीडिंगनंतर सुरू होतो. आकडा वहीत उतरला की तो कोणाचा, हा प्रश्नच कोणी विचारत नाही. मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला तर हे फारच गमतीशीर, एमपीएन (पाण्यात जंतू साधारण किती याचा अंदाज देणारी टेस्ट) करायला पोरं हॉस्टेलचं, कॅन्टीनचं, एसटी स्टँडवरचं पाणी आणतात, दोन दिवसांनी नळ्यांमध्ये गॅस धरलेला दिसतो, सगळे खुश की रिझल्ट आला, जर्नलवर सही, आणि कॅन्टीनवाल्याला कोणी जाऊन सांगत नाही की बाबा तुझी टाकी धू.

निकाल परत दिला की काय होऊ शकतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे, फ्लिंट, मिशिगन. थोडं सविस्तर सांगतो कारण लोकांना वरवर माहीत असतं पण त्यातली खरी गोष्ट लॅबची आहे.

एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला म्हणून फ्लिंट शहराने डेट्रॉइटकडून पाणी घेणं बंद केलं आणि फ्लिंट नदीचं पाणी स्वतः शुद्ध करून द्यायला लागले. ते करताना पाईप गंजू नयेत म्हणून जे केमिकल टाकतात ते टाकलंच नाही. जुन्या शिशाच्या पाईपांच्या आत वर्षानुवर्षं बसलेला थर सुटायला लागला आणि शिसं नळातून घरात. लोक तक्रार करत होते, पाणी लालसर, वास, अंगावर पुरळ, आणि अधिकारी म्हणत होते सगळं नियमात आहे. आता यातली खोच अशी की ते नियमात होतंही, कागदावर. सॅम्पल घ्यायच्या आदल्या रात्री नळ थोडा वेळ वाहू द्या अशी सूचना घरांना दिली जायची, मग सकाळच्या पहिल्या बाटलीत शिसं कमीच येणार. शिवाय जास्त शिशाची दोन सॅम्पल हिशोबातून बाद केली आणि शहराचा आकडा १५ पीपीबीच्या (अब्ज भागांत १५ भाग) मर्यादेखाली आला. कोणी आकडा खोटा लिहिला असं नाही, बाटली कधी भरायची आणि कुठली बाटली मोजायची यातच सगळं झालं. पाणी तपासणीत लबाडी करायची असेल तर ती मशीनमध्ये करावी लागत नाही, नळापाशीच होते.

लीॲन वॉल्टर्स नावाच्या आईने पाठपुरावा केला, आणि तिच्या घरचं पाणी पोचलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठात, मार्क एडवर्ड्स या प्राध्यापकाच्या लॅबमध्ये. एका बाटलीत शिसं निघालं १३,२०० पीपीबी. अमेरिकेत ५,००० च्या वर गेलं की त्याला धोकादायक कचरा म्हणतात, हे पिण्याचं पाणी होतं. मग २०१५ च्या ऑगस्टमध्ये लॅबने ३०० किट पाठवली, प्रत्येकात तीन बाटल्या, एक सकाळी पहिल्या धारेची, एक पाऊण मिनिट नळ सोडल्यावरची, एक दोन मिनिटांनंतरची. गावातल्याच लोकांनी ती वाटली, भरून घेतली, अडीचशेहून जास्त परत आली. त्या टीममध्ये सिद्धार्थ रॉय नावाचा आपल्याकडून पीएचडीला गेलेला मुलगा पुढे होता. आणि त्यांनी काय केलं, तर निकाल येतील तसे वेबसाईटवर टाकले, लोकांना त्यांच्या त्यांच्या घरचा आकडा कळवला, सप्टेंबरमध्ये तिथल्या सिटी हॉलसमोर उभं राहून सांगितलं. पेपर नंतर. सरकारी माणसांनी आधी हे उडवून लावलं. मग मोना हना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे मांडले आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर परत डेट्रॉइटच्या पाण्यावर गेलं.

म्हणजे दीड वर्ष अडलेली गोष्ट, लॅबने निकाल उघडे केल्यावर दोन महिन्यांत हलली. हेच सॅम्पल एखाद्या पीएचडीच्या चौथ्या चॅप्टरसाठी राखून ठेवलं असतं तर? तीन वर्षांनी जर्नलमध्ये आलं असतं, शहराचं नाव सुद्धा कदाचित कोडमध्ये.

फ्लिंटची गोष्ट इथे गोड संपते असंही नाही, हेही सांगायला पाहिजे. पुढे काही कार्यकर्ते आणि एडवर्ड्स यांच्यात फाटलं, प्रकरण इतकं गेलं की २०१८ मध्ये त्यांनी तिघांवर बदनामीचा दावा लावला आणि तो पुढच्या वर्षी कोर्टाने काढून टाकला. तर प्राध्यापक म्हणजे देवमाणूस असं काही नाही. आणि म्हणूनच मी म्हणतो की हे एखाद्या चांगल्या प्राध्यापकाच्या मनावर सोडू नका, नियम करा.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं, आणि ते मला जास्त अस्वस्थ करतं. बांगलादेशात ट्यूबवेलच्या पाण्यात आर्सेनिक आहे हे जगाला कळायच्या आधी, १९९२ मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने तिथल्या काही भागातल्या दीडशे विहिरींचं पाणी तपासून रिपोर्ट दिला होता. बरेच घटक तपासले, आर्सेनिक तपासलं नाही. पुढे आर्सेनिकने आजारी पडलेल्या एका गावकऱ्याने लंडनमध्ये केस केली, की तुम्ही तपासलं असतं तर आम्ही वाचलो असतो. केस हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली आणि २००६ मध्ये निकाल लागला गावकऱ्याच्या विरोधात. सरळ भाषेत सांगायचं तर न्यायाधीश म्हणाले की संशोधक आणि ते पाणी पिणारा माणूस यांच्यात कायद्याच्या दृष्टीने जबाबदारी यावी इतकं जवळचं नातंच नाही.

कायद्याने ते बरोबर असेल, मी वकील नाही. पण आपल्या लॅबमध्ये रोज जे चालतं त्याचं इतकं स्वच्छ वर्णन दुसरीकडे कुठे मिळणार नाही. मी तुझ्या विहिरीत बादली सोडली, तुझ्याकडून चहा घेतला, तुझ्या पोराला बाटली धरायला लावली, पण तुझं माझं नातं काही नाही. सर्व्हे करणाऱ्यांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की त्यांना आर्सेनिक माहीतच नव्हतं, त्यांनी ते मोजलंच नव्हतं. आपल्याकडे तर मोजलेलं असतं, वहीत लिहिलेलं असतं, तरी सांगत नाही. यात बचाव काय करणार?

त्याच बांगलादेशात नंतर काय झालं बघा. २००० नंतर देशभर जवळपास पन्नास लाख ट्यूबवेल तपासल्या आणि निकाल कुठे लिहिला, तर ट्यूबवेलवरच. आर्सेनिक ५० पीपीबीच्या वर असेल तर लाल रंग, खाली असेल तर हिरवा. आराईहजार नावाच्या भागात कोलंबिया विद्यापीठाचे लोक काम करत होते, त्यांनी घराघरात जाऊन सांगितलं की तुमची विहीर अशी आहे, शेजाऱ्याची अशी आहे, आणि मग मागे वळून बघितलं की लोक काय करतात, तर ज्यांना आपली विहीर वाईट आहे कळलं त्यातल्या साधारण ६० टक्के लोकांनी वर्षभरात दुसरीकडचं पाणी धरलं. फिल्टर दिला नाही, पैसे दिले नाहीत, फक्त सांगितलं. आणि आपल्याकडे पश्चिम बंगालमध्ये जादवपूर विद्यापीठाच्या स्कूल ऑफ एन्व्हायर्नमेंटल स्टडीजने, दीपंकर चक्रवर्तींच्या टीमने, वर्षानुवर्षं गावोगाव जाऊन ट्यूबवेल तपासल्या, माणसांची नखं, केस तपासले, आणि ते गावात आणि जगात ओरडून सांगितलं. म्हणजे भारतातल्या विद्यापीठाला हे जमत नाही असं नाही.

आता आपल्याकडच्या डिपार्टमेंटमध्ये हा विषय काढला की ठराविक उत्तरं येतात. पहिलं उत्तर, आमची लॅब एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची नाही. म्हणजे आमचा रिपोर्ट अधिकृत नाही, कोर्टात चालणार नाही. मान्य. पण मग ज्या रिपोर्टवर तुम्ही डिग्री देता तो रिपोर्ट गावकऱ्याला सांगायला कमी पडतो, हे कसलं लॉजिक? डिग्रीपुरता बरोबर आणि हापशापुरता चूक असा आकडा नसतो. ब्लँक (तुलनेसाठी शुद्ध पाण्याचं रीडिंग) लावला होता का, स्टँडर्ड नीट बनवलं होतं का, एकच सॅम्पल दोनदा चालवलं होतं का, हे नसेल तर त्या आकड्यावर डिग्रीही देऊ नका. आणि असेल तर सांगताना स्पष्ट लिहा की ही अभ्यासासाठी केलेली तपासणी आहे, अधिकृत खात्री जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या, म्हणजे जीएसडीएच्या लॅबमधून करून घ्या. त्यांच्या लॅब जिल्ह्याला आणि उपविभागाला आहेत, जलजीवन मिशनमध्ये साध्या माणसालाही थोड्या पैशात पाणी तपासून घेता येतं. विद्यापीठाचा आकडा म्हणजे शेवटचा शब्द नाही, तो "जा, तपासून घ्या" असं सांगणारा माणूस आहे, आणि तो माणूसच सध्या गप्प बसलाय.

दुसरं उत्तर, लोक घाबरतील. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. एकतर हे नेहमी तेच म्हणतात ज्यांच्या घरी आरओ आहे. आणि दुसरं म्हणजे लोक आधीच घाबरलेले आहेत, फक्त चुकीच्या गोष्टीला. आरओ विकणारा घरी येतो, तुमच्या नळाच्या पाण्याच्या ग्लासात दोन दांड्या बुडवून करंट सोडतो, पाणी तपकिरी-काळं होतं, खाली गाळ बसतो, बाई किंचाळते. तो गाळ पाण्यातला नसतो, त्याच्या दांडीतल्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यामुळे करंट जात नाही म्हणून ते स्वच्छ दिसतं, एवढाच खेळ. मग तो टीडीएसचं पेन काढतो. आता टीडीएस म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, ५०० पर्यंत चांगलं, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आपलं स्टँडर्ड म्हणतं. पण त्या पेनला जंतू दिसत नाहीत, ते पेन फ्लोराईड आणि साधं मीठ यात फरक करत नाही. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळाला टीडीएस २०० येऊ शकतो आणि खारट पण बाकी निर्धोक बोअरला १२००. लोक मात्र त्या आकड्यावर आयुष्याचे निर्णय घेतात, कारण त्यांना पाण्याबद्दल आकडा सांगणारा दुसरा कोणी आलाच नाही. ज्यांच्याकडे खरे आकडे होते ते व्हायवाची तयारी करत होते.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गिलेन-बॅरे सिंड्रोम, ज्यात हातपाय लुळे पडतात) साथ आली तेव्हा हे फार उघडं पडलं. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, दोनशेच्या वर संशयित पेशंट, व्हेंटिलेटरवर माणसं, काही दगावली. कॅम्पायलोबॅक्टर या पोटात जाणाऱ्या जंतूचं नाव लोकांनी पहिल्यांदा ऐकलं. विहिरीचं पाणी, टँकर, खासगी आरओ प्लांटचे जार, सगळ्याची तपासणी सुरू झाली, काही प्लांट बंद केले. ज्या शहरात एवढी कॉलेजं, एवढ्या मायक्रोबायोलॉजीच्या लॅब, एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) सारखी संस्था, तिथल्या लोकांना आपल्या सोसायटीच्या जारमध्ये काय आहे हे साथ आल्यावर कळायला लागलं. त्या भागातल्या कॉलेजांनी दर महिन्याला दहा जार आणि दहा नळ जरी नियमित तपासून बोर्डावर लावले असते तर साथ टळली असती असा दावा मी करणार नाही, नेहमीच्या कोलिफॉर्म टेस्टला कॅम्पायलोबॅक्टर थेट दिसतही नाही. पण ई. कोलाय दिसला असता, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळतेय हे दिसलं असतं, आणि जार "फिल्टर"चा आहे म्हणून निर्धास्त पिणाऱ्यांनी दोनदा विचार केला असता.

तिसरी अडचण मात्र खरी आहे आणि तिच्यावर थोडं थांबायला पाहिजे. आकडा सांगितला पण अर्थ चुकीचा लावला तर? बुलढाण्याचं आठवत असेल, शेगाव तालुक्यातल्या गावांत जानेवारी २०२५ मध्ये लोकांचे केस तीन-चार दिवसांत झडायला लागले. सगळ्यांचं बोट पहिलं पाण्याकडे. आणि पाणी तपासल्यावर त्यात नायट्रेट, टीडीएस जास्त निघालंही, कारण तो खारपाणपट्टा आहे, पूर्णेच्या खोऱ्यातलं भूजल खारटच असतं. पण ते खारट पाणी तर लोक पिढ्यान् पिढ्या पितायत, केस आत्ताच का जावेत? नंतर डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं, लोकांच्या रक्तात, लघवीत, केसात ते वाढलेलं दाखवलं. म्हणजे पाण्याचा आकडा खरा होता पण तो त्या प्रश्नाचं उत्तर नव्हता. लॅबने "नायट्रेट जास्त, म्हणून केस गेले" असं छापून वाटलं असतं तर लोकांनी तोच गहू खात राहून फक्त पाणी बदललं असतं.

यातून काही लोक असा निष्कर्ष काढतात की बघा, म्हणूनच सांगू नये. मी उलटा काढतो. सांगा, पण जेवढं मोजलं तेवढंच सांगा, आणि काय करायचं ते सांगा. कारण नुसत्या आकड्यावर लोक जे करतात ते कधीकधी घातक असतं. आपल्याकडे पाणी खराब म्हटलं की पहिला उपाय उकळणं. जंतू असतील तर उत्तम. पण नायट्रेट किंवा फ्लोराईड असेल तर उकळल्याने पाणी उडतं, ते तिथेच राहतात, म्हणजे उलट जास्त होतात. नायट्रेटवालं पाणी उकळून तान्ह्या बाळाच्या दुधात घालणारी आई काळजीच घेत असते आणि त्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी करत असते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी नायट्रेट मर्यादेपेक्षा वर होतं, म्हणजे ही काही कोपऱ्यातली गोष्ट नाही, युरिया आणि शोषखड्डे जिथे जिथे आहेत तिथे ही शक्यता आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या फ्लोराईडच्या गावांत पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात, पुढे हाडं वाकतात, आणि ते पाणी दिसायला इतकं नितळ असतं की पाहुण्याला कौतुकाने देतात.

म्हणून रिपोर्ट एका पानाचा हवा. वर विहिरीचं नाव गावात जे म्हणतात तेच, एस-४ नाही. तारीख, कारण पावसाळ्यापूर्वीचं पाणी वेगळं आणि नंतरचं वेगळं. मग जे मर्यादेबाहेर आहे तेवढंच मोठ्या अक्षरात. मग उकळून फायदा आहे की नाही. लहान बाळ, गरोदर बाई, किडनीचा पेशंट यांनी काय करावं. जवळची बरी विहीर कुठली, हे तर विद्यार्थ्याकडे असतंच, त्याने शेजारच्याही बाटल्या भरलेल्या असतात! आणि शेवटी काय काय मोजलेलं नाही ते. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण बांगलादेशच्या त्या १९९२ च्या रिपोर्टसारखं, न मोजलेल्याला लोक "नाही" समजतात.

एक बारीक गोष्ट सॅम्पलिंगची, कारण सगळा भरवसा तिथेच टिकतो. नातेवाईक गावाहून येताना कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी घेऊन येतात, दोन दिवस एसटीत आणि मग टेबलावर. ते पाणी क्षार बघायला ठीक, जंतू बघायला कुचकामी. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली लागते, क्लोरीनच्या पाण्याला तिच्यात थायोसल्फेट टाकलेलं लागतं नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि लॅबला पाणी शुद्ध दिसतं, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी लॅबला पोचावं लागतं. हे लोकांना शिकवणं अवघड आहे का? अजिबात नाही. जलजीवन मिशनमध्ये गावागावात पाच-पाच बायकांना फील्ड टेस्ट किट वापरायचं ट्रेनिंग दिलंय, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची) करतो, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे हे त्याला माहीत असतं. या लोकांना विद्यापीठाने सोबत घेतलं तर विद्यार्थ्यांपेक्षा चांगली सॅम्पल मिळतील, कारण कुठल्या विहिरीत मागच्या महिन्यात काय मिसळलं हे त्यांना ठाऊक असतं. आणि पाणी किती सुरक्षित यावरून गावाला लाल-पिवळी-हिरवी कार्डं मिळतात त्यांचीही एक बाहेरून तपासणी होईल. हिरव्या कार्डाचं गाव आणि विद्यापीठाच्या टेबलात ई. कोलाय, असं निघालं तर निघू दे की.

पैशाचं म्हणाल तर सॅम्पल तपासायचा खर्च झालेलाच आहे. तो विद्यार्थ्याच्या फीमधून, नाहीतर फेलोशिपमधून, म्हणजे शेवटी लोकांच्याच पैशातून. वाढीव खर्च एक झेरॉक्स आणि एक फोन. ज्यांना कन्सल्टन्सीचं टेन्शन आहे, की फुकट सांगायला लागलो तर कारखाने पैसे देऊन कशाला येतील, त्यांना एवढंच म्हणेन की कारखान्याची बाटली आणि हापशाची बाटली वेगळ्या ठेवा, कोणी अडवलंय? खरी भीती वेगळी असते आणि ती डिपार्टमेंटच्या बाहेर कोणी बोलत नाही, की एखाद्या एमआयडीसीच्या खालच्या अंगाच्या विहिरींचा आकडा गावाला दिला तर फोन कुठून कुठून येतील. येतील. विद्यार्थ्याच्या नावावर नको, डिपार्टमेंटच्या लेटरहेडवर द्या, म्हणजे बावीस वर्षांच्या पोराला फोन येणार नाहीत. विद्यापीठाला जी स्वायत्तता असते ती नेमकी कशासाठी असते मग.

नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट्स दिलेत. सध्या त्यात काय चालतं ते सगळ्यांना माहितीय, गावात रॅली, हातात बॅनर, पाणी वाचवा, ग्रुप फोटो, नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) फाईलला जोडला. त्याऐवजी अट घाला की पाण्यावरचं कुठलंही डिझर्टेशन सबमिट करताना ज्या ज्या ठिकाणचं सॅम्पल घेतलं तिथल्या ग्रामपंचायतीची किंवा विहीरमालकाची रिपोर्ट मिळाल्याची पोच जोडलेली हवी, नाहीतर सबमिशन घेणार नाही. यूजीसीची वाट बघायची गरज नाही, कुठल्याही विद्यापीठाचं बोर्ड ऑफ स्टडीज, म्हणजे अभ्यास मंडळ, एका मीटिंगमध्ये याची शिफारस करू शकतं.

आणि जंतू किंवा विषारी धातू निघाला तर सबमिशनचीही वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन. बाकीच्यांना वेळापत्रक आयतं आहे. डिझर्टेशन बहुतेक ठिकाणी एप्रिलच्या शेवटी सबमिट होतात आणि १ मेला ग्रामसभा असते. विद्यार्थ्याने तिथे उभं राहून दहा मिनिटं आपले आकडे वाचावेत, लोक प्रश्न विचारतील, काही प्रश्न एक्स्टर्नलपेक्षा अवघड असतील, सरपंच चिडतील, कोणीतरी म्हणेल आमचे आजोबा हेच पाणी पिऊन नव्वद वर्षं जगले. तेही इतिवृत्तात लिहून घ्या, आकड्यांच्या खाली.